सोलापूरच्या घरची बाग अन् लॉन: पानं पिवळी, मिरचीचा बोकड्या, वाळलेलं गवत, काय करायचं

सोलापुरात घरी बाग करणाऱ्या माणसाच्या तक्रारी ऐकल्या तर बऱ्याचशा सारख्याच असतात. जास्वंदीची पानं पिवळी पडली, मिरचीची पानं गुंडाळली (यालाच बोकड्या म्हणतात), टोमॅटो खालून काळा पडला, लॉन मे महिन्यात गेलं ते परत आलंच नाही. आणि उपाय पण सगळ्यांचा एकच असतो, नर्सरीत जायचं, "पानं पिवळी पडल्यात" म्हणायचं, तो जी बाटली देईल ती आणून मारायची, फरक नाही पडला की दुसरी बाटली. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त तक्रारी किडीच्या नसतातच, त्या पाण्याच्या आणि मातीच्या असतात, आणि त्यावर कीटकनाशक मारून उपयोग शून्य. म्हणून आधी झाड नीट बघायला शिका, औषध नंतर.

आपली परिस्थिती काय आहे ते एकदा लक्षात घ्या. पाऊस कमी, त्यातला बराचसा सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात पडणारा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने, त्यामुळे मधल्या दिवसात बोअरचं पाणी, आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षाराचं. खाली काळी माती नाहीतर मुरूम, आणि बऱ्याच जागी त्यात चुनखडीचे पांढरे खडे. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की विजापूर रोड, प्लॉट खणला की कुठं ना कुठं ते खडे हाताला लागतातच. आता पुढचं सगळं या दोन गोष्टींवर आहे, चुना आणि पाणी.

पिवळी पानं: आधी कुठली पानं ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. झाडाजवळ जा आणि बघा की शेंड्याची नवी पानं पिवळी आहेत का खालची जुनी. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील आणि वरची फिकट पण नीट असतील तर झाडाला नत्र कमी पडतंय, कुंडीत दोन मुठी चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत घाला, दोन-तीन आठवड्यात फरक दिसतो. जुनी पानं पिवळी आणि माती सतत ओली, वास येतोय, तर पाणी जास्त झालंय, मुळं कुजायला लागल्यात, खत घालू नका, आधी कुंडीचं खालचं भोक मोकळं करा.

पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्यागार, पान हातात घेऊन उजेडात धरलं की हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसते, असं असेल तर ती लोहाची कमतरता. जास्वंद, गुलाब, कढीपत्ता, लिंबू, इक्झोरा, मोगरा, आपल्याकडे या सगळ्यांना हे होतं. गंमत अशी की मातीत लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते लोह मुळांना उचलता येत नाही. म्हणून खिळे पुरून काही होत नाही, लोखंडाचा गंज परत त्याच मातीत अडकतो.

खात्री करायची असेल तर मातीचा एक कोरडा ढेकूळ घ्या, त्यावर चमचाभर पांढरा व्हिनेगर टाका. फसफसलं, बुडबुडे आले की चुना आहे म्हणून समजा.

उपाय दोन. एक, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम लिंबूसत्व, हे पाणी संध्याकाळी पानांवर फवारायचं, ताजं बनवायचं आणि लगेच वापरायचं कारण ठेवलं की ते तांबूस होऊन वाया जातं. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबा, जळाली नाहीत तर पूर्ण झाडाला, दहा-बारा दिवसांनी परत. फरशीवर पडू देऊ नका, डाग निघत नाहीत. दोन, मुळाशी द्यायचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, आणि इथं दुकानदाराला नीट विचारा, पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलंच घ्या. ईडीटीए वालं स्वस्त असतं पण आपल्या चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही, पैसे मातीत. ईडीडीएचए पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो, पाकिटावरच्या प्रमाणात मुळाशी ओतायचं आणि वरून साधं पाणी द्यायचं.

कढीपत्त्याला ताक घालतात सगळे. घाला, अपाय काही नाही, पण चुनखडीच्या जमिनीत वाटीभर ताकाचा आंबटपणा किती वेळ टिकणार? कुंडीतल्या झाडाला थोडंफार, जमिनीतल्या झाडाला काहीच नाही. त्यापेक्षा शेणखत, पालापाचोळ्याचं खत सतत घालत राहणं हाच दीर्घ उपाय आहे, सेंद्रिय माल वाढला की लोह आपोआप जास्त मिळतं.

कुंडीवर पांढरा थर

बोअरचं पाणी घालून घालून मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पपडी जमते, पानांच्या कडा करपतात, लोक म्हणतात उन्हानं करपलं. ते क्षार आहेत. वरची इंचभर माती खरवडून टाका, मग नळाचं पाणी आलं त्या दिवशी कुंडी भरून पाणी ओता, खालून निघून जाऊ द्या, असं दोन-तीन वेळा लागोपाठ करा म्हणजे क्षार धुऊन जातात. खाली ताटली असेल तर तेवढा वेळ काढून ठेवा नाहीतर तेच पाणी परत वर चढतं.

एसीचं पाणी बादलीत धरा, ते हवेतल्या बाष्पाचं पाणी आहे, त्यात क्षार जवळपास नसतात, कुंड्यांना एकदम चांगलं. आणि आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत घालू नका, बरेच जण पाणी वाचवायचं म्हणून घालतात, भावना चांगली आहे पण त्यात मूळ पाण्यापेक्षाही क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, मीठ घातलेलं नसलं म्हणजे झालं. वॉशिंग मशीनचं नको.

पाणी कधी, किती

रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं शिंपडणं ही सगळ्यात वाईट सवय. वरचा अर्धा इंच ओला होतो, मुळं वरच राहतात आणि दुपारी तोच अर्धा इंच आधी तापतो. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, आणि दिलं की खालच्या भोकातून येईपर्यंत द्या. एप्रिल-मे मध्ये छोट्या कुंड्यांना रोज लागेल, मोठ्या कुंडीला आणि जमिनीतल्या झाडाला नाही. दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच घाबरून पाणी घालू नका, भर उन्हात भोपळा-दोडक्याची पानं लोंबतातच, सूर्य कलल्यावर उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळी पण लोंबलेली असतील तर मात्र खरोखर तहान आहे किंवा मुळाला काहीतरी झालंय.

मातीवर आच्छादन घातल्याशिवाय आपल्याकडे उन्हाळा काढणं अवघड आहे. उसाचं पाचट, ज्वारीच्या कडब्याचे तुकडे, वाळलेली पानं, आणि सोलापूरकरांच्या घरात काय कमी नाही तर शेंगांची टरफलं, चटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं कचऱ्यात टाकू नका, कुंडीत दोन इंचाचा थर द्या. खारवलेल्या शेंगांची मात्र नको. खोडाला चिकटवून रचू नका, दोन बोटं जागा मोकळी ठेवा, आणि पाणी द्यायच्या आधी थर जरा बाजूला सारून माती ओली आहे का बघत जा.

गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या कठड्याला असतील तर झाडाची मुळं शिजतात अक्षरशः. कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला म्हणजे लहानांना सावली. ५० टक्क्यांची हिरवी नेट मार्चच्या मध्यापासून बांधा, पाऊस सुरू झाला की काढा, वर्षभर ठेवली तर फुलं नीट येणार नाहीत. गावाला जायचं असेल तर मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात भाजकं, बिनरोगणी मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरायचं आणि वर झाकण, पाणी हळूहळू झिरपत राहतं.

टोमॅटो बुडाला काळा

छान लाल व्हायला आलेला टोमॅटो उलटा केला की बुडाला काळा-तपकिरी, चामड्यासारखा चपटा डाग. रोग नाही, कीड नाही, त्यामुळे फवारणी करू नका. फळाला कॅल्शियम मिळालं नाही की हे होतं. आता लोक म्हणतात मग अंड्याची टरफलं घालू. अहो, आपल्या मातीत चुना आहेच की, कॅल्शियमची कमी मुळात नाहीच! पण कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं, आणि आपण नळ आला की भरपूर, मग तीन दिवस काही नाही, असं पाणी देतो, मग फळापर्यंत ते पोचत नाही. पाणी एकसारखं द्या, आच्छादन घाला, युरिया आवरा, नवीन फळं चांगली येतील. डाग पडलेली फळं तोडून टाका, त्यांचं काही होत नाही. डाळिंबाची फळं तडकणं पण बऱ्याच वेळा याच कारणानं, कोरडं-ओलं-कोरडं.

मिरचीचा बोकड्या

"मिरचीवर व्हायरस आलाय" असं सगळे म्हणतात, आणि कधी कधी तो असतोही, पण त्याआधी पान बघा. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून द्रोणासारख्या झाल्यात तर फुलकिडे (थ्रिप्स). कडा खाली वळल्यात, पान उलट्या होडीसारखं, देठ लांबलाय, तर कोळी (माइट). दोघं डोळ्यांना सहज दिसत नाहीत. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा, कागदावर बारीक पिवळसर रेघा चालायला लागल्या तर ते फुलकिडे. कोळ्यांसाठी भिंग लागेल, मोबाईलचा कॅमेरा झूम करून पण जमतं कधी कधी.

फुलकिड्यांना: सकाळी पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालून, निळे चिकट सापळे लावा, आणि कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात आधी एक-दोन मिली लिक्विड साबण घोटून मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि पहिल्याच झाडावर सगळं जातं. संध्याकाळी मारा, पानाच्या खालच्या बाजूला मारा, आठवड्यानं परत, सलग तीन वेळा तरी. कोळ्यांना: पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. पण नीट ऐका, पारा ३५ च्या वर असताना गंधक मारू नका आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी मारू नका, दोन्हीत पानं जळतात. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये गंधक बंदच, तेव्हा पाण्याचा फवारा आणि सावली. हेच गंधक हिवाळ्यात काकडी-भोपळ्याच्या, गुलाबाच्या भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीला, पण चालतं.

पानं चुरगळून पिवळी-हिरवी चट्टेपट्टे, झाड खुजं, फूल नाही, असं असेल तर तो खरा व्हायरस. त्याला औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बंद करून टाका, हळहळत बसू नका, कारण त्यावरची पांढरी माशी शेजारच्या झाडांना लावत सुटते.

पिठ्या ढेकूण

जास्वंदीच्या शेंड्यात, कळ्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी जास्वंद छाटून छाटून कंटाळल्या होत्या, एकदा बसून खोड बघितलं तर मुंग्यांची रांग वर-खाली चाललेली. खरा धागा तिथं आहे. पिठ्या गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या ते खातात आणि पिठ्याचे शत्रू हाकलून त्याला सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात पण. त्यामुळे मुंग्या थांबवल्याशिवाय पिठ्या जात नाही. खोडाला खाली रुंद चिकटपट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा, थेट सालीवर ग्रीस नको. भिंतीला, ग्रिलला टेकलेल्या फांद्या कापा, नाहीतर मुंग्या तिकडून येतात. मग जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उरलेल्यावर पाण्याचा जोर, आणि मग वर सांगितलेलं निंबतेल. काळे-तांबडे लेडीबर्ड दिसले तर फवारणी थांबवा, ते तुमचंच काम करतायत. एका जातीच्या लेडीबर्डची अळी स्वतःच पांढरी झुलपेदार असते, पिठ्यासारखी दिसते पण भराभर चालते, तिला मारू नका.

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी, हातानं उचलून टाका, औषध कशाला. पानावर वेडीवाकडी चंदेरी रेघ म्हणजे नागअळी, मोठ्या झाडाला दुर्लक्ष केलं तरी चालतं. आणि लिंबू फुलत नाही अशी तक्रार असेल तर बघा ते लॉनच्या कडेला लावलंय का, रोज लॉनचं पाणी पिणाऱ्या लिंबाला पाण्याचा ताण बसत नाही आणि ताण नाही तर बहार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

लॉन

आता लॉन. आधी हिशोब करू. १० बाय १० फुटाचा तुकडा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी ४५ लिटरच्या वर, म्हणजे तीन बादल्या रोज, एवढ्याशा तुकड्याला. तुमच्याकडे तेवढं पाणी नसेल तर लॉन लहान करा, मनापासून सांगतो, निम्म्या जागेत गवत आणि निम्म्यात मुरूम, फरशी, कण्हेर, बोगनवेल, सदाफुली असं ठेवलं तर दोन्ही चांगलं राहतं.

गवत कुठलं? भर उन्हात आपल्याकडे हरळीच्या जातीचं, म्हणजे ज्याला नर्सरीत बरमुडा किंवा सिलेक्शन वन म्हणतात ते. रुंद पानाचं कार्पेट गवत सावलीत आणि भरपूर पाण्यात छान दिसतं, उघड्या प्लॉटवर ते मे काढत नाही. दाट झाडाखाली कुठलंच गवत नीट येत नाही, तिथं हट्ट सोडा.

पाणी रोज न देता तीन-चार दिवसाआड खोल द्या, वर सांगितलेल्या १० बाय १० च्या तुकड्याला दीडशे ते दोनशे लिटर. काळी माती पाणी हळू पिते म्हणून अर्धं द्या, अर्धा तास थांबा, मग उरलेलं, नाहीतर निम्मं गटारीत. मुरलं का बघायला लांब स्क्रूड्रायव्हर खुपसा, सहा इंच सहज गेला तर पुरलं. वेळ पहाटेची. उन्हाळ्यात गवत दोन इंचापर्यंत वाढू द्या, आणि एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका. कापल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं लॉन पांढरट दिसतंय तर एक पातं हातात घेऊन टोक बघा, टोक फाटलेलं, धागे निघालेलं असेल तर मशीनचं पातं बोथट झालंय, धार लावून आणा.

मे मध्ये हरळी तपकिरी झाली म्हणून उपटू नका. ती झोपते. गाठीजवळ नख लावून बघा, आतून पांढरट-हिरवी असेल तर जिवंत आहे, दहा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी देऊन जिवंत ठेवा, पाऊस झाला की फुटते. अशा वेळी युरिया अजिबात नको. युरिया द्यायचा तो पाऊस सुरू झाल्यावर, १० बाय १० ला शंभर ग्रॅमच्या आत, कोरड्या पानांवर फेकून लगेच पाणी.

लॉनमध्ये ताठ, चकचकीत, त्रिकोणी दांड्याचं गवत इतरांपेक्षा भराभर वर येतंय तर तो लव्हाळा. वरून उपटला तर खालच्या गाठीतून दुप्पट येतो. पाऊस पडून माती मऊ झाली की अरुंद खुरप्यानं खोल खणून गाठीसकट काढा, आठवड्याला एक फेरी, चिकाटीनं. नवीन माती आणताना त्यात काळ्या गाठी नाहीत ना बघून घ्या, तो बहुतेक वेळा मातीबरोबरच घरात येतो.

पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात, पाणी असूनही गवताचे पिवळे ठिपके पडले आणि ओढलं की सतरंजीसारखं गवत हातात आलं, तर खाली हुमणी आहे. फूटभर चौकोन उकरा, पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, तांबड्या डोक्याच्या अळ्या दिसतील. चार-पाचच्या वर सापडल्या तर मेटारायझियम बुरशीची पावडर ओलसर शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरा आणि पाणी द्या. पण हिचा खरा बंदोबस्त वळवाच्या पावसानंतर, तेव्हा तपकिरी भुंगे अंधार पडल्यावर कडुनिंब-बाभळीवर जमतात, फांद्या हलवून पाडायचे आणि साबणाच्या पाण्यात टाकायचे. आणि लॉनवर अर्धवट कुजलेलं शेण कधीच टाकू नका, हुमणी आणि वाळवी दोन्हीला ते आमंत्रण. शेंगपेंड पण कुजवल्याशिवाय घालू नका, मुंग्या, उंदीर, भटकी कुत्री सगळे उकरायला येतात, निंबोळी पेंड बरी.

एवढं करूनही काही कळेना तर माती तपासून घ्या, त्याला फार खर्च येत नाही. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, शहरात पण माती परीक्षणाची सोय होते. नमुना मात्र नीट घ्या, बागेत चार-पाच ठिकाणी वरचा पालापाचोळा सारून सहा इंच खोल व्ही आकाराचा खड्डा करा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात जमा करा, सगळी एकत्र मिसळा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत द्या, खताच्या रिकाम्या गोणीत देऊ नका. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी या चारही गोष्टी रिपोर्टात हव्यात म्हणून आधीच सांगा, आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर एका धुतलेल्या बाटलीत ते पण घेऊन जा.